खारं लोखंड

सिलतऱ्यापासून सरळ रेषेत मोजलं तरी चारशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. रायपूर सोडून बिलासपूरच्या महामार्गाला लागलं की शहर संपता संपता चिमण्या सुरू होतात, कडेला ट्रकांच्या रांगा लागतात आणि झाडांच्या पानांचा मूळ रंग कोणता हे पहिला पाऊस पडेपर्यंत कळत नाही, ते सिलतरा. तिथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी. येणाऱ्या खनिजात लोह किती, ओल किती, जाणाऱ्या मालात धातू किती हे तपासायचं आणि कागदावर सही करायची. समुद्राशी संबंध यावा असं या कामात वरवर पाहता काहीच नाही.

वरवर पाहता, एवढंच. रायपूरच्या आसपास थोडं खणलं की चुनखडक लागतो. इकडे सिमेंटचे कारखाने आले ते त्याच्यासाठीच. हा चुनखडक एका उथळ समुद्राच्या तळाशी साचला, त्याला एक अब्ज वर्षांच्या आसपास झाली. त्या समुद्रात मासे नव्हते, शिंपले नव्हते. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचे थर एकावर एक चढत गेले आणि त्यांचे पापुद्रे दगड होऊन राहिले. बस्तरच्या बैलाडिला डोंगरातलं लोहखनिज तर याहून म्हाताऱ्या समुद्राचं. दोन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वीच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. जिवाणू सूर्यप्रकाशावर जगून प्राणवायू सोडू लागले, तेव्हा ते लोह पाण्यातच गंजलं आणि तळाशी बसलं. डोंगर नंतर झाले. आमच्या गेटातून आत येऊन धडाधड ओतलं जाणारं लाल खनिज म्हणजे मेलेल्या समुद्राचा गंज आहे, आणि सिलतऱ्यातली किल्नं रात्रंदिवस काय करतात, तर कोळशाच्या मदतीने त्या गंजातला प्राणवायू परत काढून घेतात. हजार अंशांच्या आसपास तापलेलं लांबलचक नळकांडं सावकाश फिरत असतं. त्यात खनिज वितळत नाही, फक्त प्राणवायू गमावतं. तो जिथून निघून गेला तिथे ढेकळाच्या अंगभर छिद्रं राहतात. हे झालं स्पंज आयर्न.

या मालाला पाणी सोसत नाही. भिजला की पुन्हा गंजायला लागतो, गंजता गंजता तापतो, हायड्रोजन सोडतो, आणि ढिगाच्या पोटात आग धरते. जहाजाने न्यायचा तर आंतरराष्ट्रीय नियमांत तो धोक्याचा माल; खाऱ्या पाण्याने तर प्रकरण आणखी लवकर पेटतं. म्हणून मृगाच्या आधी आमच्याकडे शेडचा पत्रा कुठे गळतो याची जी चौकशी होते, तेवढी माणसांच्या घरांच्या पत्र्यांची होत नाही. समुद्रातून आलेलं लोखंड समुद्र भेटला की लगेच माहेरी जायला निघतं, असं मी एकदा पाळीवरच्या पोरांना सांगत होतो. धरसिव्याकडचा एक पोरगा म्हणाला, "समुंदर कइसन होथे, साहेब?"

रायपूरच्या मराठी माणसाने या प्रश्नाचं उत्तर द्यावं अशी अपेक्षा करू नये. आमचं घर तात्यापाऱ्यातलं. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ साली छत्तीसगडात आल्या, १७५८पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले, त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, शिलेदार आले आणि इथलेच झाले. माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं ते हिंदीत, आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत आणलं तेही त्यांनीच. आमची मराठी अशी दोन भाषांच्या उंबऱ्यावर बसलेली. तीत भात आहे, तलाव आहेत, पोळा आहे. भरती-ओहोटी नाही. आजोळ कोकणातलं, उन्हाळ्याची सुट्टी, बोटीने जाणं, पुण्या-मुंबईच्या लेखकांनी इतकं लिहून ठेवलेलं ते सगळं आम्ही परदेशाबद्दल वाचावं तसं वाचलं.

माझा भाचा जर्मनीत असतो. गेल्या काही वर्षांपासून तो आणि त्याची बायको सुट्टी घालवायला ग्रीसच्या सिमी नावाच्या बेटावर जातात. तिथून व्हिडिओवर दाखवतो : अर्धगोल बंदर, पायऱ्यापायऱ्यांनी डोंगरावर चढत गेलेली पिवळी, गेरूच्या रंगाची घरं, धक्क्यावर झोपलेली मांजरं, आणि पाणी इतकं स्वच्छ की नावेची सावली तळावर पडलेली दिसावी. "मामा, इथे काही म्हणजे काही नाही. म्हणूनच येतो आम्ही," तो म्हणाला. मागे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. माझ्या मागे ब्लोअर चालू होता, त्याला माझंच बोलणं नीट ऐकू जात नव्हतं.

काही म्हणजे काही नाही, हे एखाद्या गावाला कसं जमतं, याचं मला कुतूहल वाटलं. मी नोकरीच्या सवयीने तपासणीला बसलो. तेव्हा कळलं की विसाव्या शतकाच्या आरंभी त्या चिमुकल्या बेटावर वीस हजारांहून जास्त माणसं राहत. आज तीन हजारही नाहीत. ते नावा बांधत आणि समुद्रतळाचे स्पंज काढून विकत. आमच्यासारखंच त्यांचं गावही स्पंजावर चालायचं म्हणायचं, फक्त त्यांचा स्पंज जिवंत होता. १८६०च्या दशकात पाणबुड्याचा पोशाख आला, तांब्याचं शिरस्त्राण आणि वरून नळीने हवा. खोल जाता येऊ लागलं, माल वाढला, आणि वर फार लवकर येणारी माणसं मरू लागली, लुळी पडू लागली. रक्तात वायूचे बुडबुडे होतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. १९०० साली सिमीच्याच पाणबुड्यांना अँटिकिथेरा बेटाजवळ एक प्राचीन बुडालेलं जहाज सापडलं. त्यातलं ग्रहगती सांगणारं कांस्याचं दातेरी यंत्र आज अथेन्सच्या संग्रहालयात आहे. पुढे राज्यं बदलली, युद्धं झाली, वाफेच्या बोटींनी शिडांचा धंदा घेतला, कारखान्यातला स्पंज आला, माणसं अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला गेली. ज्या घरांच्या रंगांचे फोटो भाचा पाठवतो ती स्पंजाच्या पैशाने बांधलेली आहेत. तिथे काही नाही असं नाही. तिथे होतं ते गेलं आहे.

समुद्र पाहायचा तर ग्रीस माझ्या पगारात बसत नव्हतं. कोकणातलं विजयदुर्ग बसत होतं. आगगाडीने ठाण्यापर्यंत, तिथून कोकण रेल्वेने कणकवली, पुढे एसटी.

आणि विजयदुर्ग निवडायला ग्रीकांचाच आधार होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहून ठेवली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्याच्या लिहिण्यात सौंदर्यदृष्टी वगैरे नाही. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय मिळतं, कुठे चाचे आहेत, कुठला वारा कधी धरायचा, एवढ्याशीच त्याला मतलब. त्यात कल्याण येतं, चौल येतं आणि चौलच्या खाली बंदरांची एक माळ येते. तिच्यात एकाचं नाव आहे बायझँटिऑन. हे म्हणजे विजयदुर्ग असं काही अभ्यासक मानतात, काही ते दुसरीकडे नेतात. मी पहिल्या मंडळींच्या बाजूने आहे, आणि माझं कारण शास्त्रीय नाही. वाघोटणच्या खाडीचं तोंड पाहिलं की पटतं. डोंगराच्या आडोशाला खोल, निवांत पाणी; पश्चिमेचा वारा आत शिरत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा तांडेल असल्या जागेला नाव दिल्याशिवाय पुढे गेला नसेल. खाडीतून वर गेलं की खारेपाटण, जिथे शिलाहार रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट सापडला. तिथून घाट चढला की कोल्हापूर. आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात १९४५च्या सुमारास काय निघालं, तर पोसायडनची कांस्यमूर्ती. ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी! टाउन हॉलच्या संग्रहालयात तो उभा आहे, छोटासा. कोणत्या बंदरातून तो घाट चढला हे त्याच्यावर लिहिलेलं नाही.

तळेऱ्याहून एसटी आत वळली की सड्यावरचा लाल रस्ता सुरू होतो. पडेल कँटीनला गाडी थांबते, लोक चहा पितात, कंडक्टर कुणाची तरी पिशवी कुणाकडे तरी देतो. दोन्ही बाजूंना हापूसच्या बागा, जांभ्या चिऱ्यांचे गडगे. मला मात्र आंब्याआधी तो चिराच दिसला. लाल, छिद्राछिद्रांचा. सह्याद्रीच्या काळ्या दगडाला पावसाने हजारो शतकं धुतलं, बाकीचं वाहून नेलं आणि लोह मागे ठेवलं, तो जांभा. आमच्याकडे याचा नमुना आला असता तर टक्केवारी कमी म्हणून मी परत पाठवला असता. इथे त्याची घरं बांधतात, आणि दोनशे वर्षं टिकतात.

स्टँडवर उतरलं की समोर बंदर, डाव्या अंगाला किल्ला. गाव एवढंच. किल्ल्याच्या तीन तटांच्या आत हिंडायला वेळ लागतो, पण त्याचं वर्णन मी करत नाही. वाटाडे ते माझ्यापेक्षा चांगलं करतात. शिलाहार भोजाने बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावर तो बांधला, शिवाजी महाराजांनी १६५३मध्ये आदिलशाहीकडून घेतला, कान्होजी आंग्र्यांच्या काळात इंग्रज आणि डच दोघेही त्याच्यावर डोकं आपटून परत गेले. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत हा आहे. समुद्राच्या बाजूला पाण्याखाली शंभर मीटरहून लांब भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी ती मोजली. नकाशा नसलेल्या शत्रूच्या जहाजाचा तळ फुटावा म्हणून ती रचली, असं सांगतात.

माझे पाय अडले ते गिर्ये गावाच्या वाटेवर, खाडीच्या काठी असलेल्या गोदीपाशी. खडकात कोरून काढलेली, आता गाळ आणि झुडपं भरलेली. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, पाणी काढून तळ कोरडा करायचा, फळ्या बदलायच्या, डांबर भरायचं, पुढच्या भरतीला बाहेर. मी तिथे उभा राहून आवाजांचा हिशेब केला. सुतारांचे वासले, लोहारांचे भाते, खिळे ठोकणं, साखळ्या ओढणं, नांगर घडवणं, करवतीखालचा साग, तांडेलांच्या शिव्या, तोफांची चाचणी. विजयदुर्गाची ती शांतता, जिच्यासाठी मुंबईहून लोक येऊन राहतात आणि फोटो काढतात, ती या गावाची मूळची नाही. हे त्या काळचं सिलतरा होतं. धूर असेल, घाण असेल, पाळ्या असतील, मजुरीची कटकट असेल. रात्री झोप लागत नसेल.

हे सगळं थांबलं ते काही आपोआप नाही. फेब्रुवारी १७५६मध्ये पेशव्यांनी आपल्याच आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. समुद्रातून अ‍ॅडमिरल वॉटसन, जमिनीवर रॉबर्ट क्लाइव्ह. तुळाजी आंग्रे बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले आणि तिथेच अडकले. बंदरात नांगरलेल्या एका जहाजावर गोळा पडून आग लागली, ती एकावरून दुसऱ्यावर गेली आणि पाहता पाहता सगळं आरमार जळलं. जळणारं लाकूड, वितळणारं डांबर, आणि सुटे झालेले खिळे, साखळ्या, नांगर तळाशी गेले. क्लाइव्ह पुढच्या वर्षी प्लासीला पोचला. किल्ला काही महिन्यांनी पेशव्यांकडे परत आला, आनंदराव धुळपांनी तिथे पुन्हा आरमार उभं केलं, पण ते पहिलं बळ परत आलं नाही, आणि १८१८मध्ये सगळंच संपलं. नानासाहेब पेशव्यांच्या या एका निर्णयावर महाराष्ट्रात जितका वाद व्हायला हवा तितका होत नाही असं मला वाटतं. पानिपतावर आपण पिढ्यान् पिढ्या बोलतो. हे आरमार आपणच जाळायला माणसं बोलावली, त्यावर मात्र आवाज खाली येतो.

किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत. १८६८च्या ग्रहणात इथून हेलियमचा शोध लागला असं गावात अभिमानाने सांगतात, आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. खरी हकिगत अशी, की १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण पाहायला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडात होता. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरात घरबसल्या पाहिली. शिवाय ऑगस्टातल्या कोकणात सूर्य दिसेल यावर भरवसा ठेवून कुणी दुर्बीण आणली असती तर तो कसला शास्त्रज्ञ. लॉकयर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. रॅम्सेने हेलियम पृथ्वीवर शोधून काढल्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. मुंबई-पुण्यात प्लेग चालू होता. 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेवरच्या खलाशांना लॉकयरने निरीक्षणाची कामं शिकवून वाटून दिली होती, आणि त्याच सावलीत पुढे जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आपली यंत्रं लावून बसले होते. दोन मिनिटांच्या अंधारासाठी युद्धनौकेची माणसं किल्ल्यावर दुर्बिणी सांभाळत उभी आहेत, हे चित्र मला शोधाच्या दंतकथेपेक्षा जास्त आवडतं. गावाला ते का पुरत नाही, कोण जाणे. कदाचित ज्या गावातून बरंच काही गेलं त्याला आपल्याकडे काहीतरी पहिल्यांदा घडलं असं म्हणता यावं लागतं. सिमीच्या लोकांचंही त्या दातेरी यंत्राबद्दल असंच असेल.

बंदरावर दुपारी ऊन असतं तोवर कोणी नसतं. मग एकेक माणूस येतो. जाळी विणणारे दोघे नेपाळी खलाशी होते. देवगडपासून हर्ण्यापर्यंत आता नावांवर नेपाळीच जास्त, आणि बागांच्या राखणीलाही तेच. समुद्र नसलेल्या देशातून येऊन ते सुईत नायलॉनचा धागा भरत होते. त्यातला एक रायपूरला स्टेशनजवळच्या हॉटेलात काम करून आलेला निघाला. आम्ही हिंदीत बोलत बसलो. दोन कोरड्या मुलखांतली माणसं खाऱ्या पाण्यावर भेटली की बोलण्याचे विषय कमी पडत नाहीत.

मग एक म्हातारे गृहस्थ आले, गाबीत, आयुष्यभर नाव चालवलेले. त्यांना सगळे तात्या म्हणत होते, मीही तात्या म्हणू लागलो.

"खंयसून इलात?"

"रायपूरहून. छत्तीसगड."

"ता खंय इला?"

मी नागपूरच्या पुढे म्हटलं. त्यांनी मान हलवली, नागपूर म्हणजे जग संपतं त्या अर्थाची. मग स्वतःहून बोटीची गोष्ट काढली. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी करत इथे येणारी आणि पुढे देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजीला जाणारी आगबोट. पावसाळ्यात बंद, मग पुन्हा चालू. चाकरमानी गणपतीला नाही पण शिमग्याला, मे महिन्याला बोटीने येत. मनीऑर्डरी, टपाल, मुंबईचं कापड, बर्फ. "बोट इली काय अर्धो गाव धक्क्यार," तात्या म्हणाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती कायमची थांबली. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि ती डोंगराच्या पायथ्याने, बंदरांना पाठ करून गेली. जे गाव समुद्राच्या तोंडावर होतं ते रस्त्याच्या शेवटाला आलं. "आता धक्को आसा, बोट नाय."

"शांत वाटतं पण इथे," मी म्हटलं. पाहुण्याने म्हणायचं ते.

तात्या हसले. "शांत म्हणजे पोरां नाय. पोरां आसती तर शांत खंय रवतला?"

त्यांनी मग मला विचारलं की तुमच्याकडे कसं आहे. मी सांगितलं. कोळसा सांगितला, चिमण्या सांगितल्या, डोलोचार नावाच्या टाकाऊ कोळशाचे ढीग, दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी कसा दिसतो ते सांगितलं. आणि हेही सांगितलं की सिलतऱ्यात बिहारचा, ओडिशाचा, झारखंडचा पोरगा येतो, महिन्याला पैसे घरी पाठवतो, आणि त्यावर तिकडे बहिणीचं लग्न होतं. माझ्या घरचं सगळं त्याच चिमणीतून आलेलं आहे, तेव्हा तिला नुसती नावं ठेवायचा अधिकार मला नाही. तात्यांनी ऐकून घेतलं. मग गिर्याच्या सड्याकडे हात करून म्हणाले की तुमची ती चिमणी इथेही यायची होती.

ते खरंच आहे. २००६-०७च्या सुमारास गिर्याला चार हजार मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प ठरत होता. आंबा बागायतदार आणि मच्छीमार उभे राहिले आणि तो गेला. पुढे नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या जमिनीत देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर ही गावं होती. पुन्हा विरोध झाला आणि २०१९मध्ये अधिसूचना रद्द झाली. म्हणजे विजयदुर्गाची आजची शांतता दोन थरांची आहे. खालचा थर, काम निघून गेलं त्याचा. वरचा थर, एका प्रकारचं काम येऊ दिलं नाही त्याचा. पहिली शांतता लादलेली, दुसरी लढून मिळवलेली. पाहुण्याला दोन्ही सारख्याच ऐकू येतात.

सिलतऱ्याचा माणूस म्हणून मी या दुसऱ्या थराच्या बाजूने आहे. कोळशाची राख आंब्याच्या मोहोरावर बसली तर काय होतं हे मला कोणी समजावून सांगायला नको, आमच्याकडे ती भातावर बसते. पण चिमणी नाकारली म्हणून काम नाकारलं असा अर्थ कोणी लावला तर तो लबाडी करतो. विजयदुर्गाच्या बंदराला बर्फ हवा, शीतगृह हवं, परराज्यांतल्या वेगवान ट्रॉलरना आणि बंदी असूनही दिवे लावून होणाऱ्या मासेमारीला आवर घालणारी गस्त हवी. बोट हवी. यांतलं काहीही धूर ओकत नाही. भाच्याच्या सिमीने आपल्या शांततेचं दुकान मांडलं, आणि चालतंय ते, उन्हाळ्याचे चार-पाच महिने. वारशाचा शिक्का बसल्यावर विजयदुर्गाच्या वाट्यालाही तेच येणार हे दिसतंच आहे. होमस्टेच्या पाट्या लागल्याच आहेत. त्याला माझी ना नाही. पण ज्या बंदरात फक्त बंदर बघायला माणसं येतात ते बंदर नव्हे, देखावा.

धक्क्याच्या कडेला नावा बांधायच्या लोखंडी खुंट्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी टाकून दिलेला एक नांगर. मी बोटाने खरवडला. पापुद्रे निघाले, एकाखाली एक, बाहेरचे नारिंगी, आतले काळे. धंद्याच्या सवयीने मी टक्केवारी मनात काढली : बैलाडिलाच्या खनिजापासून फार लांब नव्हती. आम्ही हजार अंशांवर कोळसा जाळून जे करतो, ते खारा वारा फुकटात उलटं करत असतो, आणि त्याला शटडाउन लागत नाही. आंग्र्यांच्या जळालेल्या जहाजांचे नांगर तळाशी असेच परत खनिज होत असतील. कोणा दूरच्या काळातल्या किल्नवाल्यासाठी.

परतल्यावर त्या धरसिव्याच्या पोराला मी फोनमध्ये घेतलेला समुद्र दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला आणि विचारलं की तिथे काम मिळतं का. मी म्हटलं, नावेवर मिळेल, नेपाळी पोरं जातात. पगार किती, हे त्याने लगेच विचारलं, आणि मी तात्यांना ते विचारून घेतलेलं असल्यामुळे सांगू शकलो. सिलतऱ्यापेक्षा जास्त नाही, पण जेवण नावेवरच.

तुम्ही जाणार असाल तर एक सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नावा वर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा जाऊ नका. त्या दोन महिन्यांतलं विजयदुर्ग फार सुंदर दिसतं, आणि तेच फसवं आहे. नारळी पौर्णिमा होऊन जाऊ द्या. मग जा, आणि सूर्यास्ताला किल्ल्यावर उभं राहण्याआधी पहाटे धक्क्यावर उभे राहा, नावा लागून बोली चालू असते तेव्हा. बायका टोपल्या पुढे सारून भांडत असतील, बर्फाचा गाडा कोणाच्या तरी पायावरून जाईल, बांगड्याचा भाव ऐकून तुम्ही दचकाल. दचका, पण घ्या. घासाघीस कमी करा.